मदत हवी आहे: रत्नागिरीत फ्लॅट, एजंटच्या ऑफिसातल्याच लोनवाल्याकडून गृहकर्ज करावं का?

खाडीकाठ
रत्नागिरी शहरात १२ फ्लॅटची इमारत पुरी होत आली आहे. त्यातला टू बीएचके घ्यायचा आहे. सांगितलेली किंमत ४२ लाख, बोलणी चालू आहेत. जवळ १२ लाख आहेत, बाकी कर्ज. पगाराची नोकरी, सिबिल ७७०.

एजंटच्याच ऑफिसात एक लोनवाला बसतो. तो म्हणतो, फाईल आमच्याकडून टाका, ८ दिवसांत मंजुरी. बाहेरची बँक आणलीत तर बिल्डरकडून कागद यायला वेळ लागेल. आमची फी नाही, बँक देते. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट आणि सह्या केलेले तीन कोरे चेक आजच मागतोय. शिवाय १ लाख टोकन. काय करावं?

मुद्रांक
कोरे चेक अजिबात देऊ नका. प्रोसेसिंग फीचा चेक लागतो तो बँकेच्या नावाने, रक्कम घालून, रेघा मारून. हप्त्यासाठी एनएसीएच मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप वळता करायची परवानगी) असतो, तो मंजुरीनंतर.

स्लिपा आणि स्टेटमेंटही आज देऊ नका, किंमत ठरेपर्यंत थांबा. एजंटला दलाली मिळते ती सौदा झाल्यावर, आणि लोनवाला त्याच्याच शेजारच्या टेबलावर. तुम्हाला कर्ज किती मिळू शकतं आणि खात्यात १२ लाख पडून आहेत हे एकदा तिथे कळलं की ४२ चे ३९ कोण करेल? किंमत ठरवताना तुमच्या हातात असलेलं एकच पान म्हणजे समोरच्याला तुमची ऐपत माहीत नसणं.

"आमची फी नाही" हे खरं आहे. डीएसएला (बँकेसाठी कर्जाच्या फायली आणणारा एजंट, म्हणजे हा लोनवाला) बँक वाटप झालेल्या रकमेवर टक्केवारी देते. पण ही टक्केवारी प्रत्येक बँकेची आणि हाउसिंग फायनान्स कंपनीची वेगळी, म्हणून तो कुणाची योजना आधी पुढे करतो ते बघा. बँकांची बदलत्या दराची गृहकर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य निर्देशांकाला, बहुतेक ठिकाणी रेपोला (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर), बांधलेली आहेत आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर जुळवावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही, त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या पीएलआरवर (कंपनीने स्वतः ठरवलेला मूळ दर) चालतो. रेपो उतरला तरी तिथला हप्ता आपोआप उतरेलच असं नाही.

"९० टक्के करून देतो" म्हणाला तर सावध. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जालाच ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के. म्हणजे ४२ लाखांवर जास्तीत जास्त ३३ लाख ६० हजार, तेही बँकेच्या व्हॅल्युअरने (मूल्यांकन करणाऱ्याने) तेवढी किंमत धरली तर. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी (१ टक्का, कमाल ३० हजार) यात धरत नाहीत, ते खिशातून. यापेक्षा जास्त देतो म्हणणारा एक तर साठेखतात (विक्रीच्या करारात) किंमत फुगवतो, नाही तर फर्निचरच्या नावाने महागडं वैयक्तिक कर्ज जोडतो. फुगवलेल्या किमतीवर मुद्रांकही तुम्हीच भरणार आणि खोट्या दस्तावर सहीही तुमचीच.

सुरंगी
विमा विसरू नका. अशा फाइलमध्ये बहुतेक वेळा एकरकमी हप्त्याची कर्जसुरक्षा पॉलिसी घुसवतात आणि तो हप्ता कर्जातच मिळवतात. दीड लाखाचा हप्ता ८.५ टक्क्यांनी २० वर्षं फेडला तर महिन्याला सुमारे १,३०० रुपये, एकूण ३ लाख १२ हजार. तेवढ्याच रकमेचा साधा टर्म विमा बाहेर किती पडतो ते आधी विचारून बघा. विमा असावा हे मलाही मान्य आहे, पण ठरावीक कंपनीचाच घ्या ही सक्ती मान्य करू नका. "कंपल्सरी आहे" म्हटलं तर बँकेकडून लेखी मागा.

दरातला पाव टक्काही लहान समजू नका. ३३ लाख, २० वर्षं: ८.५ ला हप्ता सुमारे २८,६४०, ८.७५ ला २९,१६०. वीस वर्षांत सव्वा लाखाचा फरक.

तुलना करायची तर की फॅक्ट स्टेटमेंटवरच (कर्जाचा दर, खर्च आणि अटी एकत्र सांगणारा कागद) करा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना ते द्यावंच लागतं. त्यात एपीआर असतो, म्हणजे प्रोसेसिंग, कायदेशीर तपासणी, विमा असे कर्जाबरोबर वसूल होणारे खर्च धरून पडणारा खरा वार्षिक दर. तुम्हाला समजेल त्या भाषेत देणं बंधनकारक आहे, तेव्हा मराठीत मागा. हातात आल्यावर निदान तीन कामाचे दिवस त्या अटी कायम असतात, त्यामुळे "आज सही नाही केली तर दर जाईल" यात अर्थ नाही. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, तिथे हा कागद मिळेल असं धरू नका.

दीपगृह
थोडी दुसरी बाजू. पगारदाराला डीएसए फारसा लागत नाही, शाखेत जाऊन काम होतं. पण उत्पन्न आंबा-काजूचं, होमस्टेचं किंवा होडीचं असेल तर कुठली बँक ते कसं धरते हे जाणणारा माणूस खूप उपयोगी पडतो. दुसरा फायदा म्हणजे इमारत त्याच्या बँकेने आधीच मंजूर केलेली असेल तर जागेची तपासणी पुन्हा पहिल्यापासून होत नाही. ८ दिवसांचं आश्वासन बहुधा त्यामुळेच असेल. तीच बँक तुम्ही थेट शाखेत गाठलीत तरी ती मंजुरी तुम्हालाही लागू होते, हे तो सांगणार नाही.

एक अट मात्र लेखी घाला: एका वेळी एकाच बँकेत लॉगिन, म्हणजे अर्ज दाखल करणं. चार ठिकाणी फाईल टाकली की सिबिलवर चार चौकश्या उमटतात, गुण घसरतात आणि पाचवी बँक कारण विचारते.

लाल माती
कर्ज कोणाकडूनही करा, टायटल (जागेची मालकी) स्वतःच्या वकिलाकडून तपासा. बँकेचा पॅनल वकील बँकेसाठी काम करतो आणि त्याचा रिपोर्ट बहुतेकदा तुमच्या हाती येतही नाही. आपल्याकडे गाडं अडतं ते ३० वर्षांच्या सर्चमध्ये (मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीत): सातबाऱ्यावर मुंबईकर सामाईक खातेदार, ज्यांची सही कुणी घेतलीच नाही, वारस नोंदीचा फेरफार अर्धवट, कुळाची जमीन, कूळ कायद्याचं ३२ म चं प्रमाणपत्र (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) आहे पण कलम ४३ ची (परवानगीशिवाय विकता न येण्याची) अट सुटलेली नाही. बिनशेती आदेश आणि नगर परिषदेचा मंजूर नकाशा जागेवर ताडून बघा. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत किंवा खाडीलगत असेल तर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी. चिपळूणकडे हीच कसरत वाशिष्ठीच्या पूररेषेसाठी.

१२ फ्लॅट म्हणजे महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणीतून ८ फ्लॅटपर्यंत मिळणारी सूट नाही. पण जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल तरी ही सूट मिळते, म्हणून आकड्यावर न जाता नोंदणी क्रमांक मागा. एजंटचाही. एजंटची नोंदणी ही फ्लॅट विकण्यासाठी असते, कर्जाच्या सल्ल्यासाठी नाही.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. नोंदणी क्रमांक मिळाला, संकेतस्थळावर जुळतोय. बाहेरची बँक आणली आणि बिल्डरने खरंच कागद अडवले तर?

मुद्रांक
मग टोकन देण्याआधीच मागा. टायटलचे कागद, मंजूर नकाशा, बिनशेती आदेश, नोंदवायच्या साठेखताचा मसुदा आणि प्रकल्पावर बिल्डरचं कर्ज असेल तर त्या बँकेचं ना हरकत पत्र. कुठलीही बँक हाच संच मागते. मंजूर नकाशे आणि तपशील मिळण्याचा हक्क रेरा कायद्याच्या कलम १९ ने खरेदीदाराला दिला आहे. त्याच कायद्याच्या कलम १३ ने नोंदणीकृत साठेखताआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

या आठवड्यात पगाराचं खातं असलेल्या बँकेत आणि आणखी एका सरकारी बँकेत तोंडी विचारा, लॉगिन नको. लोनवाल्याचा दरही लिहून घ्या, तो तिसरा. तो कमी निघाला तर त्याच्याकडून जरूर करा, फक्त आधी त्या बँकेच्या शाखेत हा माणूस त्यांचा डीएसए आहे का ते विचारून खात्री करा. पुढे दर पटला नाही तर बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. दुसरीकडे नेताना प्रोसेसिंग आणि गहाणाचा खर्च मात्र पुन्हा पडतो.

टोकनच्या पावतीवर हे वाक्य घ्या, बिल्डरच्या सहीशिक्क्यासह: "खरेदीदाराने स्वतः निवडलेल्या बँकेकडून ४५ दिवसांत कर्ज मंजूर न झाल्यास, अथवा टायटलमध्ये दोष आढळल्यास, टोकनची पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करण्यात येईल." पैसे चेकने किंवा आरटीजीएसने द्या, बिल्डरच्या प्रकल्प खात्यावर, एजंटच्या नाही.