हॉलमधला वाचायचा कोपरा : मापं, सामान आणि मुंबईची दमट हवा

मुंबईत हॉल म्हणजे बैठक, जेवणघर, मुलांचा अभ्यास आणि रात्रीची अंथरुणं. त्यातच एका माणसाला तासभर निवांत वाचता येईल असा कोपरा कसा जमवायचा, ते या चर्चेत आपापल्या टोपणनावाने लिहूया. फोटोपेक्षा मापं सांगा. कुठलं सामान पावसाळ्यात टिकलं, कुठलं नाही आणि का, हेही सांगा. साधारण ४ बाय ५ फूट जागा धरून चालू.

दिवेलागण
खुर्चीच्या आधी दिवा ठरवा. कोपरा उबदार वाटणं निम्मंअधिक उजेडावर असतं. मुंबईच्या बहुतेक हॉलमध्ये ६५०० केल्व्हिनची पांढरी ट्यूब असते आणि तिच्याखाली कितीही सुंदर खुर्ची ठेवली तरी दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. ट्यूब राहू द्या, केर काढायला आणि पाहुणे आले की लागते. वाचायला २७०० किंवा ३००० केल्व्हिनचा, पिवळसर उजेडाचा वेगळा दिवा हवा. ९ वॉटचा एलईडी साधारण ८०० ते ९०० ल्यूमेन देतो, पानापासून दोन-अडीच फुटांवर तेवढा पुरतो. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलेला मिळाला तर तोच घ्या, कागद आणि कापडाचे रंग मळकट दिसत नाहीत.

आई-बाबा त्या कोपऱ्यात बसणार असतील तर १२ वॉटचा लावा. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं वाचन बरेचदा चष्म्यामुळे नाही, दिव्यामुळे सुटतं.

दिवा खांद्याच्या किंचित मागे आणि बाजूला ठेवा. समोर ठेवला की गुळगुळीत कागद चमकतो. शेडची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत यायला हवी, म्हणजे जमिनीपासून ४० ते ४२ इंच. त्याहून वर गेली की बल्ब डोळ्यांत जातो.

आणखी एक गोष्ट बघून घ्या. छताचा दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर असेल तर फिरती पाती उजेड कापतात आणि पानावर सावल्यांची फडफड सुरू होते. डोकं कशानं दुखतंय ते वाचणाऱ्याला कळतही नाही. असा दिवा वाचताना बंदच ठेवावा.

होल्डर, वायर, शेडचे सांगाडे लोहार चाळीत मिळतात. रविवारी जाऊ नका. घरातला होल्डर पिनचा आहे की आट्यांचा ते पाहून जा, नाहीतर पुन्हा फेरी पडते.

प्लायवूड_१८
शेल्फबद्दल लिहितो. जाड पुस्तकांच्या फूटभर रांगेचं वजन सहज ८ ते १० किलो भरतं. १८ मिमी प्लायची फळी आधाराशिवाय ३० इंचांपेक्षा लांब ठेवू नका, पार्टिकल बोर्डाची २४ च्या आत. फळी लांबच हवी असेल तर पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागवानी पट्टी उभी ठोकून घ्या, बाक खूप कमी होतो. एकदा बाकलेली फळी उलटी करून लावली तरी काही महिन्यांत पुन्हा बाकते.

शेल्फची खोली १० इंच पुष्कळ. मराठी पुस्तकं बहुतेक डेमी आकाराची, साडेपाच बाय साडेआठ इंची, त्यामुळे दोन फळ्यांमध्ये १० इंच पुरतात. दिवाळी अंकांसाठी मात्र एक कप्पा १२ इंचांचा ठेवा. १५ इंच खोल शेल्फ केलं की पुस्तकांची दुसरी रांग लागते, आणि मागची रांग वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही. कसर लागते ती तिथेच.

प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा घ्या, शिक्का आयएस ७१० चा. शेल्फला खाली ३-४ इंच पाय हवेतच. फरशी पुसताना पाणी कापलेल्या कडेतून शिरतं, खालची फळी फुगते आणि लॅमिनेट सुटतं. सुताराला सांगून तळाच्या, न दिसणाऱ्या कडाही सील करून घ्या. ते काम हमखास राहतं.

भिंतीवर टांगायचं असेल तर आधी भिंत ओळखा. नव्या टॉवरमधल्या माइव्हनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती अख्ख्या काँक्रीटच्या असतात. तिथे हॅमर ड्रिल लागतं, आणि भिंत खोदून वायर अजिबात घालू नका, इमारतीचं वजन त्या भिंतीवर असतं. वायर भिंतीवरून केसिंग पट्टीतून न्या. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत मात्र हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं आणि त्याच ब्लॉकसाठीचा लांब नायलॉन प्लग वापरायचा. साधा प्लग जागच्या जागी फिरतो. जुन्या चाळींत विटेत भोक पाडा, सांध्यातला चुना भुसभुशीत असतो.

पश्चिम_खिडकी
वर सगळं बरोबर आहे, पण कोपरा कुठल्या भिंतीला करायचा हे त्याआधी येतं. पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते, वारा आणि पाऊस तिकडूनच येतो. शेल्फ आतल्या भिंतीला, खुर्ची खिडकीजवळ, अशी विभागणी ठेवा.

शंका असेल तर दीड फुटी चौकोनी प्लॅस्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस थांबा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या अंगाला जमले तर ओल भिंतीतूनच येतेय. बाहेरून जमले तर ती हवेतली दमटी. पहिल्या प्रकारात वॉलपेपर, लाकडी पॅनेल, नवा रंग, काहीही लावू नका. लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, रंगाला आतून ढकलतो आणि फुगे येतात. आधी बाहेरून गळती बंद करा, भिंत सुकू द्या. सुकायला काही महिने लागतात, घाई करून पैसे वाया जातात.

सरकत्या खिडकीखाली पाणी साचत असेल तर मिस्त्रीला बोलावण्याआधी खालची पट्टी बघा. तिला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, पाणी तिथून निघून जातं. कबुतरांची पिसं आणि धूळ मिळून त्यांत घट्ट गोळी बसते. झाडूच्या हिराने ती काढा, वरून तांब्याभर पाणी ओता आणि बाहेर धार पडते का पाहा. मेअखेरीस एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा.

पन्हा_४८
पडद्याचा हिशेब : खिडकी ५ फूट रुंद असेल तर रॉड ६ फूट घ्या, म्हणजे बाजूला सारलेला पडदा उजेड अडवत नाही. चुण्या नीट पडायला दुप्पट कापड, म्हणजे १४४ इंच. ४८ इंच पन्ह्याचे तीन पट्टे झाले. ७ फूट उंचीला दुमड धरून ९६ इंच, तिन्ही मिळून साधारण साडेसात मीटर. सुती असेल तर शिवण्याआधी भिजवून घ्या आणि आटायचं धरून अर्धा मीटर जास्त आणा. मंगळदास मार्केटमध्ये कापड दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात धरून बघा, आतल्या दिव्यांखाली रंग फसवतो. पडदा फरशीच्या इंचभर वर संपवा, टेकला की पावसाळ्यात खालून ओल चढते आणि काळे ठिपके पडतात. ते ठिपके जात नाहीत.

खुर्चीला रेक्झिन किंवा नकली लेदर घेऊ नका, अगदी मनापासून सांगते. त्यावरचा पीयूचा (प्लॅस्टिकचा) थर दमट हवेत काही वर्षांत सुटतो आणि घामाने अंगाला खपल्या चिकटतात. जाड सुती कापड, चेन लावलेलं, काढून धुता येईल असं. बैठक जमिनीपासून १७ इंच, खोली २० ते २१, फोम ४० डेन्सिटीचा ४ इंच.

दिवेलागण
पन्हा, वेताची खुर्ची चालेल का? हवा खेळती राहते.

पन्हा_४८
उत्तम चालते. विणलेली बैठक सैल झाली तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्याचा ओला टॉवेल अर्धा तास ठेवा, मग पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. वेत आखडून ताणला जातो. वाळेपर्यंत कुणाला बसू देऊ नका. वर सोलापुरी चादर चौपदरी घालून ठेवली की उशीचंही काम होतं.

दादर_ग्रंथपाल
कसर खळीवर आणि कागदावर जगते आणि तिला दमट अंधार लागतो. डांबराच्या गोळ्यांनी फारसं काही होत नाही, आणि तो वास बसायच्या जागी नकोच. पुस्तकं घट्ट कोंबू नका, शेल्फ भिंतीपासून इंचभर पुढे ओढा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पंखा लावून काचेची दारं तासभर उघडी ठेवा. सिलिका जेल नारिंगी घ्या, ओल शोषली की हिरवं होतं, म्हणजे बदलायची वेळ कळते.

रस्त्यावरची जुनी पुस्तकं, फोर्टातली असोत की माटुंग्याची, थेट शेल्फात ठेवू नका. पुस्तक कोरडं आहे ना ते पाहून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. लगेच उघडली तर गार कागदावर दमट हवेचं पाणी जमतं आणि कसर मेली तरी बुरशी धरते. मग पानं पंख्याखाली पसरून, बांधणीच्या कण्यातून मऊ ब्रश फिरवायचा. अंडी तिथे असतात.