युरोपीय संसदेच्या निवडणुकीत पोर्तुगालच्या मतदाराचा ‘आपला खासदार’ नेमका कोण?

देवगडचा बागायतदार

माझा मामेभाऊ मूळचा म्हापशाचा. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन तो काही वर्षांपासून लिस्बनमध्ये स्थायिक झाला असून तेथे त्याचे किराणा मालाचे छोटे दुकान आहे. ९ जून २०२४ रोजी त्याने युरोपीय संसदेसाठी मतदान केले होते. यंदा तो गावी आला तेव्हा मी सहज विचारले की तिकडे तुझा खासदार कोण, तर त्याला सांगता येईना. आपण एका पक्षाच्या नावापुढे फुली मारली, एवढेच त्याचे म्हणणे. आपल्याकडे लोकसभेला कोण निवडून आले हे शेंबडे पोरही सांगते, म्हणून मला याचे नवल वाटले.

पोर्तुगालच्या वाट्याच्या २१ जागा कोणत्या हिशेबाने वाटल्या जातात, हे कोणी समजावून सांगेल का? दुसरे असे की २०१४ साली युरोपीय संघाने आपल्या हापूसला दारे बंद केली, त्या निर्णयात या संसदेचा हात होता का? असल्यास भावाने आपले गाऱ्हाणे कोणापुढे घालावे?

मांडवी बंदर

आपल्या भावाला उत्तर देता आले नाही यात त्याचा काहीच दोष नाही, कारण ‘त्याचा’ असा खासदार मुळात नसतोच. या निवडणुकीपुरता अख्खा पोर्तुगाल, आसोरिश आणि मदेरा ही बेटे धरून, एकच मतदारसंघ मानला जातो. प्रत्येक पक्ष उमेदवारांची क्रमवार यादी देतो आणि मतदार त्या संपूर्ण यादीला मत देतो. यादीतला क्रम बदलण्याची किंवा त्यातून आवडता माणूस निवडण्याची सोय त्याला नसते. यादी कशी असावी याला मात्र कायद्याचे बंधन आहे: सलग तीन पुरुष किंवा सलग तीन स्त्रिया ठेवता येत नाहीत. पुढे एखाद्याने राजीनामा दिला तर पोटनिवडणूक होत नाही, यादीतला पुढचा माणूस त्या जागी येतो.

जागा ठरतात त्या द’ओंत पद्धतीने. प्रत्येक पक्षाच्या मतांना एक, दोन, तीन, चार असे क्रमाने भागत जायचे आणि येणाऱ्या सगळ्या भागाकारांतले सर्वांत मोठे २१ निवडायचे. २०२४ मध्ये समाजवादी पक्षाला सुमारे ३२ टक्के आणि लोकशाही आघाडीला सुमारे ३१ टक्के मते मिळाली. समाजवाद्यांच्या मतांना आठने भागले की चार टक्के येतात, आघाडीच्या मतांना आठने भागले की चाराला किंचित कमी पडतात. शेवटची, म्हणजे एकविसावी जागा या एवढ्याशा फरकाने समाजवाद्यांकडे गेली आणि निकाल आठ विरुद्ध सात असा लागला. शेगा आणि लिबरल इनिशिएटिव्ह यांना प्रत्येकी दोन, तर डावा गट आणि कम्युनिस्टांची आघाडी यांना चार टक्क्यांहून थोड्या अधिक मतांवर प्रत्येकी एक जागा मिळाली. लिव्र हा पक्ष चार टक्क्यांच्या जरा अलीकडे राहिला आणि रिकाम्या हाताने परतला. अमुक टक्के मते मिळालीच पाहिजेत अशी कायदेशीर अट पोर्तुगालमध्ये नाही. त्याला अडवले ते निव्वळ भागाकाराने.

भावाने कोणत्या यादीला मत दिले ते विचारा. समाजवाद्यांच्या यादीत पहिले नाव माजी आरोग्यमंत्री मार्ता तेमिदू यांचे होते, तर लोकशाही आघाडीच्या यादीत सेबास्तियांव बुगाल्यू या तरुण राजकीय भाष्यकाराचे. तरीही या दोघांपैकी कोणालाही ‘लिस्बनचे खासदार’ म्हणता येणार नाही.

वेंगुर्लेकर

मला ही व्यवस्था फारशी पटत नाही. उमेदवाराचे भवितव्य यादीतल्या क्रमांकावर, म्हणजे पक्षश्रेष्ठींच्या मर्जीवर ठरत असेल तर तो मतदाराकडे कशाला पाहील? शिवाय युरोपभर हीच एक पद्धत आहे असेही नाही. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचे तत्त्व सर्वांना बंधनकारक असले तरी बाकीचा तपशील देश आपापल्या कायद्याने ठरवतात. आयर्लंडच्या १४ जागा तीन मतदारसंघांत विभागलेल्या आहेत आणि तेथला मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती देतो. तेथे आपला प्रतिनिधी कोण हे लोकांना सांगता येते. ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम आणि माल्टा येथे सोळाव्या वर्षीच मत देता येते, पोर्तुगालमध्ये अठराव्या. बेल्जियममध्ये मतदान सक्तीचे आहे; पोर्तुगालमध्ये सक्ती नाही आणि २०२४ मध्ये तेथे चाळीस टक्केही मतदान झाले नाही.

तेरेखोलपलीकडचा

पणजीत पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास आहे, म्हणून गोव्यातली बाजू सांगतो. पोर्तुगालच्या स्वतःच्या संसदेसाठी परदेशस्थ नागरिकांचे दोन वेगळे मतदारसंघ आहेत, युरोपातला एक आणि युरोपाबाहेरचा एक, आणि त्या प्रत्येकाला दोन जागा आहेत. तेथे मत टपालाने पाठवता येते. युरोपीय संसदेसाठी असा वेगळा मतदारसंघ नाही. परदेशातल्या नोंदणीकृत मतदाराने दूतावासात जातीने जाऊन मत द्यायचे आणि ते मत लिस्बन-पोर्तूच्या मतांतच मिसळायचे.

मात्र पोर्तुगीज नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते, कारण आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड मिळते, पण त्यावर येथे मतदान करता येत नाही. म्हणजे म्हापशाच्या आमदारासाठीचे मत सोडून आपल्या भावाने ७२० जणांच्या सभागृहातल्या २१ जागांसाठीचे मत मिळवले आहे. हा सौदा कसा आहे ते ज्याचे त्याने ठरवावे.

जाता जाता आणखी एक. मडगावशी घराण्याचे नाते असलेले आंतोनियु कोश्ता डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे, म्हणजे सदस्य देशांच्या प्रमुखांच्या मंडळाचे, अध्यक्ष आहेत, तेही याच निवडणुकीतून आले असे आमच्याकडे अनेकांना वाटते. त्यांची निवड सदस्य देशांच्या प्रमुखांनी केली, मतदारांनी नव्हे.

मांडवी बंदर

आता हापूसकडे वळतो. १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्यावर जी बंदी आली ती संसदेने मतदान करून घातलेली नव्हती. मालात फळमाशी आणि इतर किडी सापडल्यामुळे युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने, ते पाऊल उचलले, आणि त्याला मान्यता देणाऱ्या वनस्पती आरोग्यविषयक समितीत बसतात ते सदस्य देशांच्या सरकारांचे तज्ज्ञ. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली तीही त्याच वाटेने. त्या निर्णयासाठी निवडून आलेल्या एखाद्या सदस्याला धारेवर धरणे रास्त झाले नसते.

याचा अर्थ संसद निरुपयोगी आहे असा मात्र नाही. आयोग ज्या कायद्याच्या चौकटीत निर्णय घेतो तो कायदा संसद आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांची मंत्रिपरिषद मिळून करतात. वनस्पती आरोग्याचा २०१६ चा कायदा असाच झाला आणि डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. तेव्हापासून जवळपास प्रत्येक ताज्या फळाला आरोग्य प्रमाणपत्र लागते. सूट आहे ती केवळ अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. म्हणजे आपल्या परसातला नारळ सुटला आणि कलमाचा आंबा अडकला! व्यापार करारांचेही तसेच आहे. संसदेला त्यात दुरुस्ती करता येत नाही, पण तिच्या संमतीवाचून करार पक्काही होत नाही. बनावट मालाविरोधातील ‘ॲक्टा’ करार संसदेने जुलै २०१२ मध्ये ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळून लावला होता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही मंडळी सभागृहात देशवार बसत नाहीत, विचारांनुसार बनलेल्या गटांत बसतात. गट स्थापन करायला किमान सात देशांतले २३ सदस्य लागतात, त्यामुळे पोर्तुगालचे सगळेच्या सगळे २१ जण एकत्र आले तरी त्यांचा गट होणार नाही. म्हणून आपला भाऊ पत्र लिहिणार असेल तर ‘आमचा माणूस’ शोधत बसण्यापेक्षा कृषी किंवा व्यापार समितीवर असलेला पोर्तुगीज सदस्य गाठावा, मग तो कोणत्याही यादीतून आलेला असो.

देवगडचा बागायतदार

सर्वांचे आभार. पत्राला उत्तर आले नाही तर पुढे काही मार्ग आहे का? आणि मी स्वतः येथून काही करू शकतो का?

मांडवी बंदर

आपल्याला येथून नाही, भावाला आहे. युरोपीय संघाचा कोणताही नागरिक किंवा तेथील रहिवासी संसदेच्या याचिका समितीकडे अर्ज करू शकतो. विषय संघाच्या अधिकारातला असावा आणि अर्जदारावर त्याचा प्रत्यक्ष परिणाम होत असावा, एवढी अट आहे. आयात केलेले आंबे त्याच्या दुकानात विकले जात असतील तर ती अट पुरी होते. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी कोणतीही चालते, त्यामुळे पोर्तुगीजमध्ये लिहिला तरी हरकत नाही.