बिनइन्सुलेशनची गुंडाळी : क्वेंचवरचा उपाय की पळवाट?

वेटोळे :
उच्च तापमानाच्या, म्हणजे तुलनेने कमी थंडीतही रोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या, अतिसंवाहक चुंबकांना क्वेंचपासून वाचवायचे असेल, तर वेटोळ्यांमधले इन्सुलेशनच काढून टाकावे, असे माझे मत आहे. ते सविस्तर मांडतो. विरोध असेल तर तोही तितक्याच सविस्तरपणे यावा.

चुंबकाच्या तारेत एखाद्या ठिकाणची अतिसंवाहकता अचानक गेली की तिथे विद्युतरोध निर्माण होतो, ती जागा तापते आणि शेजारच्या भागालाही तापवत जाते. यालाच क्वेंच म्हणतात. नायोबियम-टायटॅनियमच्या जुन्या चुंबकांत ही उष्णता सेकंदाला काही मीटर या वेगाने धावते, त्यामुळे साठलेली ऊर्जा सगळ्या गुंडाळीत वाटली जाते आणि कोणताच भाग फार तापत नाही. इट्रियमसारखे दुर्मिळ मृदा मूलद्रव्य, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाच्या पट्टीत, जिला सगळे रेबको म्हणतात, तीच उष्णता सेकंदाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढ्याच वेगाने रांगते. ही पट्टी जुन्या तारांच्या ४ केल्विनपेक्षा (उणे २६९ अंश सेल्सिअस) बऱ्याच वरच्या तापमानालाही चालते आणि तिथे तिच्यातले तांबे तापवणे अवघड असते : ४ केल्विनला एक किलो तांबे एक अंशाने तापवायला ०.१ ज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते, २० केल्विनला सुमारे ७ ज्यूल लागतात आणि ७७ केल्विनला तर २०० च्या जवळपास. शिवाय अतिसंवाहकता गमावण्यापूर्वी या पट्टीला कित्येक अंशांची मुभा असते. त्यामुळे इथे क्वेंच सुरू होणे अवघड. पण एकदा सुरू झाला की तो एकाच जागी ठाण मांडतो आणि ती जागा जाळतो. गुंडाळीच्या टोकांवर जोडलेल्या मापन-तारांना दखल घेण्याजोगे व्होल्टेज दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

इन्सुलेशन नसले तर बिघडलेल्या जागेला वळसा घालून प्रवाह थेट शेजारच्या वेटोळ्यात उतरतो. कोणी पहारा द्यावा लागत नाही आणि कोणते बटण वेळेवर दाबले जाण्यावर काही अवलंबून राहत नाही. ही पद्धत २०११ मध्ये मांडली गेली. २०१९ मध्ये फ्लोरिडातील टॅलाहासी येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने अवघ्या ३९० ग्रॅमच्या अशा गुंडाळीच्या मदतीने ४५.५ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) स्थिर चुंबकीय क्षेत्र गाठले. बाहेरच्या साध्या विद्युतचुंबकाचे ३१.१ टेस्ला होते, उरलेले या मुठीत मावणाऱ्या गुंडाळीचे. इन्सुलेशनच्या हट्टापायी एवढ्याशा जागेत एवढा प्रवाह, म्हणजे एवढी प्रवाहघनता, आपण कधी पाहिली असती का?

जुना सर्किटवाला :
आपले भौतिकशास्त्र मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ३९० ग्रॅमच्या गुंडाळीला जे झेपते ते दहा टनांच्या चुंबकालाही झेपेल, हे गृहीत धरणे म्हणजे घरातल्या फ्यूजवरून उपकेंद्राची रचना करण्यासारखे आहे. त्यातून त्याच लहान गुंडाळीच्या पट्ट्यांच्या कडा चाचणीनंतर विकृत झालेल्या आढळल्या, हे आपण सांगितले नाही.

मोठे उदाहरण घेऊ. एमआयटी आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स यांनी संलयन भट्टीसाठी बनवलेल्या इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या नमुना चुंबकाने ५ सप्टेंबर २०२१ रोजी २० टेस्ला गाठले. त्यात २६७ किलोमीटर पट्टी होती, प्रवाह ४० हजार अँपिअर होता आणि वेटोळ्यांमध्ये इन्सुलेशन नव्हते. पूर्ण प्रवाहाला त्यात साठणारी ऊर्जा ११० मेगाज्यूल. त्यानंतर ३१.५ हजार अँपिअरवर त्यांनी मुद्दाम विद्युतमंडल उघडून (प्रवाहाचा बाहेरचा मार्ग तोडून) क्वेंच घडवला, तेव्हा गुंडाळीचा एक कोपरा जळाला. एक किलो तांबे त्या थंड अवस्थेतून थेट वितळवायला साधारण पाऊण मेगाज्यूल लागतो. साठलेल्या ऊर्जेचा थोडासा वाटा एका कोपऱ्यात जमला तर काय होते, याचा हिशेब कागदाच्या पाठीवर होतो.

मूळ अडचण अशी की इन्सुलेशन असलेल्या चुंबकातली ऊर्जा बाहेरच्या डम्प रेझिस्टरमध्ये, म्हणजे ऊर्जा उष्णतेत जिरवणाऱ्या रोधात, उतरवता येते. बिनइन्सुलेशनच्या गुंडाळीत प्रवाह आतल्या आत आडवा वाहू लागतो आणि सगळी ऊर्जा आतच खर्च होते. ज्याला आपण 'स्वतःचे संरक्षण' म्हणता, ते खरे तर ऊर्जा घरातच पेटवण्याचे दुसरे नाव आहे. त्यात गुंडाळी चकत्यांची थप्पी असते; एका चकतीचा प्रवाह कोसळला की शेजारच्या चकतीत तो प्रवर्तनाने वाढतो, बल एकाएकी असमान होते आणि यांत्रिक इजा उष्णतेच्या आधी होते. इन्सुलेशन नसल्याने चुंबक भारित करायला, म्हणजे त्याचे क्षेत्र पूर्ण चढवायला, लागणारा जादा वेळ हा त्या मानाने किरकोळ दोष म्हणायचा.

थंड डोके :
मी एमआरआय यंत्रांच्या देखभालीत काही वर्षे काढली आहेत. ते चुंबक नायोबियम-टायटॅनियमचे असतात, तरी एक गोष्ट सांगतो. एका रुग्णालयात चुंबक तातडीने बंद करणारे लाल बटण चुकून दाबले गेले. काही क्षण नुसता घरघराट. मग छतावरच्या नळीतून पांढरा लोट. चुंबकाला थंड ठेवणाऱ्या एक लिटर द्रव हेलियमचा खोलीच्या तापमानाला सातशेहून अधिक लिटर वायू होतो, त्यामुळे ती नळी मोकळी असणे हाच जिवाचा आधार. दुसऱ्या दिवशी चुंबक शाबूत होता. हेलियम भरून, शिम (क्षेत्र एकसारखे करणारी जुळणी) तपासून तो पुन्हा सुरू केला. हे शक्य झाले ते केवळ उष्णता सगळ्या गुंडाळीत झपाट्याने पसरल्यामुळे. रेबकोच्या बाबतीत तोच वेग हीटरने कृत्रिमरीत्या आणता येतो. टॅलाहासीच्याच ३२ टेस्लाच्या चुंबकात, जो डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण क्षेत्राला पोहोचला, इन्सुलेशन आहे आणि गुंडाळीभर हीटर पेरलेले आहेत. म्हणजे पर्याय नाही असे नाही.

वेटोळे :
हीटरचा मुद्दा वजनदार आहे, पण हीटर पेटवण्याआधी बिघाड ओळखावा लागतो आणि माझा सारा आक्षेप तिथेच आहे. १९ सप्टेंबर २००८ रोजी युरोपातील सर्न या प्रयोगशाळेच्या महाकाय कणत्वरकात दोन चुंबकांमधला एक सदोष जोड सुमारे ८.७ हजार अँपिअरला तुटला, विद्युतठिणगीने हेलियमची टाकी फोडली, सुमारे ६ टन हेलियम निसटले आणि ५३ चुंबक बोगद्याबाहेर काढावे लागले. त्या जोडांवरची देखरेख पुरेशी संवेदनशील नव्हती. जिथे कोणी पाहत नव्हते, तिथेच घात झाला. तरीही आपल्या दहा टनांच्या उदाहरणानंतर मी माझे विधान थोडे सुधारतो : इन्सुलेशन पूर्ण काढण्याऐवजी वेटोळ्यांमध्ये पोलादाची पातळ फीत घालून आडवा रोध हवा तेवढा ठरवावा. भारित व्हायला वेळ कमी लागेल आणि वळसा घालण्याची सोयही राहील.

जुना सर्किटवाला :
सर्नच्या उदाहरणाने माझीच बाजू भक्कम होते. त्यानंतर त्यांनी देखरेख सोडून दिली नाही; ती कितीतरी पटींनी बारीक केली. रेबकोलाही तेच लागू आहे : व्होल्टेज मंद असेल, तर पट्टीबरोबर प्रकाशतंतू गुंडाळून तापमान पाहा. पोलादाच्या फितीला माझा विरोध नाही, पण तिचा दाबाखालचा संपर्करोध शंभर वेळा थंड-गरम केल्यावर तोच राहतो, हे आधी दाखवून द्यावे लागेल.

थंड डोके :
त्यात एक भर. त्या डी आकाराच्या चुंबकात पट्ट्यांच्या थप्प्या सोल्डर ओतून घट्ट बसवल्या आहेत. जळलेला कोपरा उलगडून नवी पट्टी घालता येत नाही. आमच्या यंत्राला क्वेंचनंतर हेलियमची टाकी आणि दोन दिवस लागले होते. इथे आख्खी थप्पी टाकून द्यावी लागेल. रचनाकाराने वळसा आणि हीटर यांत निवड करण्याआधी दुरुस्तीचा हा खर्च हिशेबात धरला होता का, हे मला विचारायचे आहे.