राणीछाप रुपये खरे की खोटे? लवकर सांगा

मुक्काम_पोस्ट: ओळखीतल्या एकाकडे राणीछाप रुपये आहेत, सगळे विकायचे म्हणतोय. रविवारी पैसे द्यायचेत. सोनाराने कसोटीवर घासून चांदी आहे म्हणून सांगितलं, लोहचुंबकालाही चिकटत नाहीत. तरी धाकधूक आहे. खरे कसे ओळखायचे? गूगल करा म्हणू नका, करून झालंय.

ताकपिठं: साल? वजन? फोटो?

मुक्काम_पोस्ट: वजन साडेअकराच्या वर भरतं. साल जुनंच आहे. फोटो चढत नाहीये.

ताकपिठं: "जुनंच आहे" म्हणे! राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ गादीवर होती, त्यातलं कुठलं?

खडीसाखर: एवढं कशाला, फरशीवर टाका. खरा खणखणतो, खोटा बद्द वाजतो. आमचे आजोबा पाठमोरे बसून नुसत्या आवाजावर सांगायचे.

धूळपाटी: टाकू नका हो! काठ चेपला की नाण्याची किंमत गेली. चुंबकाचंही तेच. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर (नावातच चांदी, असतं तांबं-निकेल-जस्त), काहीच चिकटत नाही, मग न चिकटण्यावरून कळलं काय? आणि वरवर घासलं तर मुलाम्याचाच कस लागतो.
त्यापेक्षा सोनाराचा, ग्रॅमच्या दशांशचिन्हापुढे दोन आकडे दाखवणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. रुपया दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. खरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के. काट्यावर १.१३च्या आसपास आकडा यायला हवा, म्हणजे रुपयाने सारलेल्या पाण्याचं वजन; धातू हलका तर चकती मोठी, आकडाही मोठा. जर्मन सिल्व्हर असेल तर १.३५च्या आगेमागे येतो.

खडीसाखर: फारच खटाटोप. रुपया म्हणजे एक तोळा, वजन जुळलं की झालं.

धूळपाटी: वजन जुळवणं तर सगळ्यांत सोपं. चकती थोडी जाड घ्यायची.

पिंपळपार: माझ्याकडे रामदरबाराचं नाणं आहे, मागे ईस्ट इंडिया कंपनी, १८१८. किती येतील?

धूळपाटी: कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. ते टोकन आहे, देव्हाऱ्यात ठेवा.

पिंपळपार: व्हिडिओत तर लाखांत सांगतात! तांदूळ ओढून घेतं म्हणे.

ताकपिठं: तांदूळ ओढणारं नाणं ही शुद्ध ठकबाजी आहे. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

मुक्काम_पोस्ट: विषयावर या राव. बरेच १८६२चे आहेत, दोन १८७८चे. राणीच्या बाजूला 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'.

ताकपिठं: १८६२वाल्यांवरही एम्प्रेस? नीट बघून सांगा.

मुक्काम_पोस्ट: हो, सगळ्यांवर तेच. का?

धूळपाटी: मग निकाल लागला. नाण्यांवर 'एम्प्रेस' आलं १८७७पासून, त्याआधी 'व्हिक्टोरिया क्वीन'. एका नाण्याचा दर्शनी ठसा आणि दुसऱ्याचा मागचा, असं कुणीतरी जुळवलंय. बरं, १८६२चा खरा असता तरी दुर्मीळ नव्हे. तेच साल घालून टांकसाळी १८७४पर्यंत रुपये पाडत होत्या.
काठ भिंगातून बघा. ओतीव असेल तर काठावर जोडाची रेघ सापडते, किंवा ती घासून काढल्याची खूण तरी. अक्षरं वापरलेल्या साबणासारखी बोथट, आणि मोकळ्या जागेत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं.

खडीसाखर: आधी चिंचेने लख्ख घासा, मग दिसेल सगळं.

धूळपाटी: अजिबात नको!! खऱ्या नाण्याचं मातेरं करण्याचा तो खात्रीचा उपाय आहे.

मुक्काम_पोस्ट: तो म्हणतो ही टांकसाळीची चूक आहे, म्हणूनच जास्त किंमत.

ताकपिठं: एवढ्या सगळ्यांवर एकच चूक, आणि सगळे ह्याच्याच घरी? पाण्याचा आकडा टाका.

मुक्काम_पोस्ट: केलं आत्ता. १८६२वाले सगळे १.३६-१.३७. १८७८चे दोन्ही १.१३.

धूळपाटी: दोन खरे पुढे करून बाकीचे खपवायचे, जुनी रीत आहे. सोनाराला कुठले दाखवले होते?

मुक्काम_पोस्ट: त्यानेच काढून दिलेले. दोन.

खडीसाखर: 🙂

धूळपाटी: ते दोनच घ्या. साधे रुपये आहेत, पण प्रत्येकात साडेदहा ग्रॅमच्या वर चांदी आहे. त्या दिवसाचा भाव धरून बोला.

मुक्काम_पोस्ट: सगळे घ्या नाहीतर एकही देत नाही म्हणतो.

ताकपिठं: मग एकही घेऊ नका. दिलेत का काही आगाऊ?

मुक्काम_पोस्ट: थोडे.

ताकपिठं: किती ते आता सांगताय! पावती, मेसेज, काही आहे का?

पिंपळपार: तोवर विचारतो, तांब्याची शिवराई आहे, 'श्री राजा शिव' स्पष्ट वाचता येतं. वजन करू का?