काबूलच्या कुटुंबाला पत्र: इंग्रजीतून दारीत भाषांतर कोण करून देईल?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

माझे आजोबा १९७० च्या दशकात काबूलमध्ये डॉक्टर होते. ज्यांच्या घरी ते भाड्याने राहत, त्या घरमालकांच्या कन्येचा पत्ता नुकताच मिळाला. त्या आता वृद्ध आहेत आणि त्यांना फक्त दारी, म्हणजे अफगाणिस्तानात बोलली जाणारी फारसी, येते. आजोबांच्या तेथील वास्तव्याविषयी त्यांना विचारायचे प्रश्न मी इंग्रजीत लिहून ठेवले आहेत. मेलबर्नमध्ये भरवशाचा भाषांतरकार कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. ओळखीचे एक इराणी गृहस्थ मदतीस तयार आहेत. त्यांच्याकडून करून घेतल्यास चालेल का?

---

ताई, सप्रेम नमस्कार.

ऑस्ट्रेलियात असल्यामुळे आपण प्रथम ‘नाटी’ (NAATI) या भाषांतरकारांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची ऑनलाइन सूची पाहावी. तिथे दारी, फारसी आणि हजारगी (अफगाणिस्तानातील हजारा समाजाची बोली) या भाषा वेगवेगळ्या नोंदलेल्या असतात आणि प्रमाणपत्र भाषांतराच्या दिशेनुसार दिले जाते; म्हणून दारीतून इंग्रजीत करणारी व्यक्ती न निवडता इंग्रजीतून दारीत करणारीच शोधावी, आणि ती अफगाणिस्तानात वाढलेली असल्यास फारच उत्तम.

इराणी गृहस्थांचे लेखन त्या बाईंना बहुतांशी समजेल, परंतु कौटुंबिक इतिहासात जिथे नेमकेपणा हवा तिथेच फरक पडतो. इराणमध्ये वडिलांच्या भावाला ‘अमू’ आणि आईच्या भावाला ‘दाई’ म्हणतात. अफगाणिस्तानात मात्र आपल्यासारखेच ‘काका’ आणि ‘मामा’ चालतात. आपल्या इंग्रजी मजकुरात नुसते ‘अंकल’ असेल, तर भाषांतरकाराला अंदाज बांधावा लागेल. त्यामुळे प्रत्येक नाते ‘वडिलांचा भाऊ’, ‘आईची बहीण’ असे फोडून लिहावे.

तारखांचेही तसेच. तेथील सौर हिजरी वर्ष नवरोजला, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास सुरू होते आणि महिन्यांची नावे राशींची असतात: हमल म्हणजे मेष, असद म्हणजे सिंह. १९७५ सालचा फेब्रुवारी १३५३ मध्ये येतो, तर त्याच वर्षीचा ऑगस्ट १३५४ मध्ये. पत्रात दोन्ही तारखा द्याव्यात, कारण त्या पिढीला आपल्या इसवी सनाचा चटकन उलगडा होईलच असे नाही.

आडनाव विचारण्यावर फार भिस्त ठेवू नये. अनेक अफगाण कुटुंबांत आडनाव लावण्याची रीत नव्हती आणि ‘तज़किरा’ या ओळखपत्रावर स्वतःच्या नावासोबत वडिलांचे आणि आजोबांचे नाव असते. तीच नावे आणि मूळ गाव विचारले, तर वंशावळ जुळवणे सोपे जाईल. आपल्याकडील नावे जुन्या कागदांवर फारसी लिपीत असतील, तर त्यांची स्वच्छ छायाचित्रे भाषांतरकाराला जरूर द्यावीत. रोमन लिपीवरून काढलेले नाव हमखास चुकते.

एक कळकळीची विनंती आहे. २०२१ पासून तेथील परिस्थिती नाजूक असल्यामुळे त्या कुटुंबाच्या संमतीशिवाय त्यांची नावे वा छायाचित्रे फेसबुकच्या गटांवर टाकू नयेत, आणि त्यांना नको वाटेल असा कोणताही प्रश्न ऐच्छिक असल्याचे पत्रातच स्पष्ट लिहावे.

---

काका, मनःपूर्वक आभार. नात्यांचे शब्द आजच दुरुस्त करते आणि सूचीतील भाषांतरकारांना दर विचारून घेते. आजोबांच्या सामानात घरमालकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली भाड्याची पावती सापडली आहे, तिच्यावर त्यांच्या वडिलांचेही नाव दिसते; तिचे छायाचित्र मजकुरासोबत पाठवीन.