सेंट्रिफ्युगलवाल्यांनो, एकदा कसारा घाट चढून दाखवा

लोबवाला_सातपूर: नवख्यांसाठी: सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. परवा इथे एकाने लिहिलं, "सुपरचार्जर घ्यायचा तर सेंट्रिफ्युगल. रूट्स म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडायचं यंत्र." वर तीस जणांचे अंगठे! वाचून चहा गार झाला माझा. सेंट्रिफ्युगलमध्ये पंख्यासारखं चाक हवा फेकतं, माझ्या रूट्समध्ये पाकळ्यांचे (लोबचे) दोन रोटर हवा ढकलतात.

हो, सोडतो टाकीत हवा. रूट्स बंधूंनी 1860 साली पेटंट घेतलं तेव्हा मोटारगाडी होती कुठे? पण सेंट्रिफ्युगलचा बूस्ट (हवेचा जादा दाब) फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. 6000 आरपीएमला 0.6 बार देणारा 3000 ला जेमतेम 0.15 देतो. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताय, पुढे कंटेनर, मागून एसटीचा हॉर्न, आरपीएम अडीच हजार. तिथे तो 0.15 काय ओवाळायचा? रूट्स पुली फिरली की हवा ढकलतो. नऊ वर्षं रूट्सवाली मर्सिडीज सी 200 कॉम्प्रेसर चालवतोय, ऐकीव बोलत नाही.

पेच_ढिला: ढकलतो, पण दाबतो कुठे? तुझ्या लोबमध्ये हवा दाबलीच जात नाही. तोंड उघडलं की मॅनिफोल्डमधली (इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतली) दाबलेली हवा उलटी आत घुसते, मग तापणारच. एप्रिलच्या 40 डिग्रीत 0.6 बारला जुन्या रूट्समधून हवा 120 च्या आसपास बाहेर पडते, चांगल्या ट्विन स्क्रूमधून (एकमेकांत फिरणारे दोन पेच, हवा आतच दाबतात) 105 ला. अंबडच्या शेडमध्ये स्क्रू कॉम्प्रेसर लोकांनी शोभेला ठेवलेत का? डॉज हेलकॅट गाडीचे 707 हॉर्सपॉवर 2.4 लिटरच्या स्क्रूवरच निघाले.

लोबवाला_सातपूर: आणि 2009 च्या कॉर्व्हेट झेडआर1 चे 638 चार लोबच्या रूट्सवर. लोबला 160 अंशांचा पीळ दिलाय, 'जुना रूट्स' म्हणून किती दिवस झोडपणार? तुझा स्क्रू तर बायपास (जादा हवा परत फिरवणारी झडप) उघडा असला तरी आत हवा दाबत बसतो. निवांत ऐंशीने चाललं तरी पेट्रोल खातो.

निफाडकर: पेट्रोलचं नाव काढलंत म्हणून. ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून माझ्या 2012 च्या गाडीचा ॲव्हरेज पडला आणि इंधनाचा रबरी पाइप फुगून मऊ झाला. त्यावर कुणी बोलणार का? लोब मोजत बसलेत.

उसाचा_फड: ई20 ला ऑक्टेन 95. शिवाय इथेनॉल वाफ होताना उष्णता ओढून घेतं, सिलिंडरमध्ये जाणारी हवा गार होते. नॉकिंगला (इंधन आपोआप पेटून इंजिन ठोकण्याला) घाबरणाऱ्या बूस्टवाल्यांनी तर पेढे वाटायला हवेत.

निफाडकर: तुमचा ऊस आहे, तुम्ही वाटा पेढे.

उसाचा_फड: आहे ऊस. गेल्या हंगामाचा शेवटचा हप्ता अजून अडकलाय कारखान्याकडे. मला इथेनॉलचा दलाल म्हणण्याआधी एकदा फडात या, पाचटाने हात कापून घ्या, मग बोलू.

निफाडकर: दलाल कोण म्हणालं? तुम्हीच ओढवून घेताय.

पेच_ढिला: निफाडकरांचं निम्मं बरोबर आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण 14.7, ई20 ला साडेतेराच्या आसपास. जुन्या मॅपवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या इंधनाच्या तक्त्यावर) फुल बूस्ट मारला तर मिश्रण लीन होतं, म्हणजे इंधन कमी पडतं. बाहेरून किट बसवणाऱ्यांनी आधी मॅप बदलावा. फडवाले, ऑक्टेनचं तुमचंही खरं. आता दोघांनी चहा प्या.

गोदाकाठचा: ज्याच्या नावाने शंख चाललाय, ते परवाचं लिहिणारा मी. सेंट्रिफ्युगलला खालच्या फेऱ्यांत बूस्ट कमी, म्हणूनच मूळ क्लच आणि पिस्टन वाचतात. बॉनेट कापावा लागत नाही, इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा) पुढे बसतो. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनावर हाच होता, विसरू नका.

लोबवाला_सातपूर: विमानाचं इंजिन तासन्‌तास एका लयीत चालतं. त्याला त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला थांबावं लागत नाही.

गोदाकाठचा: बरं. आणि गंगापूर रोडला तुझी गाडी उभी होती तेव्हाची खडखड? मला वाटलं कुणी मिक्सरमध्ये चमचा विसरलंय.

लोबवाला_सातपूर: ती खडखड ब्लोअरची नव्हे, नाकातल्या कपलरची (पुली आणि रोटर जोडणारा तुकडा). मुंबईच्या एका गॅरेजने "अख्खा सुपरचार्जर बदला" म्हणून लाखाच्या वरचा आकडा काढला होता. घरी आणून नाक उघडलं तर पिनांची भोकं झिजून लांबट झालेली, बाकी रोटर लख्ख. सातपूरला टर्नरकडून नवीन कपलर करून घेतला, बेअरिंग तपासलं, तेल बदललं. त्या तेलाचा वास! साबण, लिंबू, राख, सगळं झालं, हात दोन दिवस कुजक्या अंड्यासारखे. बायकोने ताट गॅलरीत आणून दिलं.

आणि ठीक आहे, साडेचार हजारांच्या वर तुझी गाडी माझ्यापेक्षा जास्त ओढते. मागच्या दिवाळीत बसलो होतो, माहितीये. पण साडेचार हजारांपर्यंत पोचेस्तोवर कंटेनर इगतपुरीत चहा पिऊन निघालेला असतो.

गोदाकाठचा: रविवारी घोटीला ये, बघू कोण चहा पितं ते.

पेच_ढिला: मी येतो स्टॉपवॉच घेऊन. लोबवाले, टर्नरचा नंबर खाजगीत टाका, एका मित्राच्या गाडीचीही तशीच खडखड सुरू झालीये.

निफाडकर: रबरी पाइपाचं राहिलंच.