फिशटँक आणि आपलं सोलापूरचं पाणी : अनुभव सांगा

आपल्याकडे नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. त्या दिवशी टिप, घागरी, बॅरल भरायची धांदल, आणि बऱ्याच घरांत त्याच धांदलीत फिशटँकही रिकामा होतो. मासे बादलीत, खडे परातीत, काच घासणीने लख्ख, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळलेला. संध्याकाळी टँक आरशासारखा दिसतो. दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात आणि आठवड्याभरात एकेक उलटा होतो. "आमच्या घराला मासे लाभत नाहीत" हे इतक्यांदा ऐकलंय, की शेवटी हा धागा काढतेय.

मासे लाभतात. धुऊन टाकलेलं ते पिवळं-तपकिरी बुळबुळीत जे असतं, त्यातच टँकचा जीव असतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया सुटतो, तो विषारी. स्पंजवर आणि खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे माशांना बऱ्यापैकी सोसतं. नव्या टँकमध्ये ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. दर पाण्याच्या दिवशी ती धुऊन काढली तर टँक कायम पहिल्याच दिवसावर राहतो. म्हणून आमच्याकडे आठवड्याला फक्त पाव टँक पाणी बदललं जातं, ते नळीने तळातला गाळ ओढत ओढत. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, बस्स. उरलेलं गाळाचं पाणी तुळशीला आणि मोगऱ्याला. झाडं त्यावर फार खूश असतात.

उन्हाळा, बोअरचं पाणी, लाइट जाणं, रोग, जे जे सांभाळलंत ते लिहा.

जुळे सोलापूरहून

ताई, आमच्या अपार्टमेंटला नळाचं पाणी कमी आणि बोअर जास्त. बोअरचं पाणी इतकं जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं, की टँकच्या काठावर आठवड्यात पांढरी रेघ उमटते. (ती घालवायला लिंबाची फोड किंवा व्हिनेगरचा बोळा चालतो, फक्त थेंब आत पडू देऊ नका.) अशा पाण्यात कुठले मासे ठेवायचे हा खरा प्रश्न. दुकानात निऑन टेट्रा आणि डिस्कस बघून जीव जातो, पण ते मऊ पाण्याचे. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी मनापासून आवडतं. आमच्याकडे मॉलीची पिल्लं होतच राहतात, अर्ध्या बिल्डिंगला वाटली.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. असं जड पाणी बहुधा क्षारीयही असतं, आणि क्षारीय पाण्यात अमोनिया जास्त विषारी होतो, आणि पाणी गरम असलं की आणखी. म्हणजे बोअरचं पाणी आणि एप्रिल-मे एकत्र आले की टँकमध्ये मासे कमी आणि खाणं त्याहून कमी.

विजापूर रोडवरून

उन्हाळ्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण सोलापुरात मासे मरतात ते मुख्यतः एप्रिल-मेमध्येच. बाहेर 43-44 अंश, पत्र्याखालची खोली असेल तर टँकचं पाणी सहज 33-34 वर जातं. मासे नुसत्या उष्णतेने मरत नाहीत, गुदमरतात. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन राहू शकतो, 30 अंशाला तो साडेसातवर येतो, आणि उष्णतेत माशाला ऑक्सिजन लागतो मात्र जास्त. सगळ्यात आधी त्रास होतो गोल्डफिशला, तो मुळात थंड पाण्याचा मासा. आमच्या घरी गोल्डफिश आणायचाच नाही असं ठरलेलंय. मुलं रुसली तरी चालेल.

उपाय एकदम साधा. टँकचं झाकण काढून वर जाळी टाकायची आणि टेबल फॅन असा लावायचा की वारा पाण्यावरून आडवा जाईल. आपली हवा कोरडी, त्यामुळे पाण्याची वाफ भराभर होते आणि पाणी 2-3 अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका लागू पडत नाही, इथे पडतो. बर्फाच्या बाटल्या घालू नका, पाणी झपकन गार झालं की मासे आजारी पडतात.

फॅन लावला की रोज बोट-दीड बोट पाणी उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. तूट बोअरच्या पाण्याने भरत गेलात तर महिन्याभरात टँक खारट होतो. मी तूट आरओच्या पाण्याने भरते आणि आठवड्याचा बदल नेहमीच्या पाण्याने करते.

पूर्वभागातून

आमचं घर आणि माग एकाच वाड्यात. मागावर टॉवेल विणला जातो, त्यामुळे सुताची बारीक तूस घरभर. टँकवर झाकण असलं तरी फटीतून जाते आणि पाण्यावर तिची साय धरते. उजेडात तिरकं बघितलं तर राखाडी पडदा दिसतो, बोट लावलं की सुरकुतते. या सायीमुळे हवा पाण्यात मिसळत नाही.

वडील दररोज सकाळी वर्तमानपत्राचं अर्धं पान पाण्यावर अलगद पसरतात, जरा थांबून एका कोपऱ्याने उचलतात, सगळी साय कागदाला चिकटून येते. शिवाय फिल्टरचं तोंड वर वळवून ठेवलंय, म्हणजे पाण्यावर सारखी लहर राहते. लहर राहिली की साय धरत नाही आणि ऑक्सिजनही मिळतो. ज्यांच्या घरी माग नाही त्यांच्याकडेही स्वयंपाकघराजवळच्या टँकवर फोडणीच्या तेलाची अशीच साय येते, तिथेही हे चालेल.

लाइट गेल्यावर काय? बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप फार महाग नसतो, एक घेऊनच ठेवा. तो नसेल तर मग्ग्याने टँकचंच पाणी उचलून थोडं उंचावरून परत आत ओतत राहायचं.

शेळगीतून

मी थोडक्यात सांगतो की ओ. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास लई असतो. तसंच ओतलं तर कल्ले भाजतात आणि फिल्टरमधले जिवाणू बी मरतात. बॅरल उघडं ठेवून एक दिवस थांबायचं, आत हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावतात तो, बुडबुडे सोडणारा) सोडला तर रात्रीत काम होतंय. घाई असली तर अँटिक्लोरिनचे थेंब, बाटलीवर लिहिलंय तेवढेच.

होटगी रोडवरून

थंडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. गड्ड्याची यात्रा असते त्या सुमारास, जानेवारीत, रात्री गारठा पडतो, दिवसा ऊन असतं, आणि या चढउतारात माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात. मासे खड्यांना अंग घासतात. हा परजीवी आहे. अंगावर चिकटलेला असताना औषध त्याला लागत नाही, तो सुटून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी औषध लगेच थांबवायचं नाही. हीटरने पाणी हळूहळू 29-30 अंशांवर नेलं की त्याचं चक्र लवकर पुरं होतं आणि औषधाला तो लवकर सापडतो. तेवढे दिवस हवेचा पंप जोरात ठेवा. हीटर लिटरला साधारण 1 वॅट या हिशेबाने, आणि पाणी काढण्याआधी त्याचं बटण बंद करून थोडा वेळ थांबायचं, नाहीतर गरम काच उघडी पडून तडकते.

रोग बहुतेक वेळा नव्या माशाबरोबर येतो. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा, आणि दुकानाच्या पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

बाळ्याहून

सकर माशाबद्दल. "काच साफ करतो" म्हणून दोन इंचांचा सकर गळ्यात मारला जातो. तो फूटभर आणि त्याहून मोठा होतो, शेवाळ खातो त्यापेक्षा घाण जास्त करतो, दोन फुटी टँकमध्ये त्याला वळताही येत नाही. काचेवरचं शेवाळ कमी करायचं तर लाइट दिवसाला 7-8 तासच ठेवा, टँक पश्चिमेच्या खिडकीपासून हलवा आणि खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका.

आणि कळकळीची विनंती, मोठा झाला म्हणून सकर कंबर तलावात, हिप्परग्याच्या तलावात किंवा भीमा नदीत सोडू नका. तो परदेशी मासा आहे. अंगावर कडक खवल्यांचं चिलखत, त्यामुळे इथल्या फारशा माशांना तो खाता येत नाही. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, जाळ्यात अडकला की काट्यांनी जाळं फाडतो. त्याचा भुर्दंड पडतो मासेमारीवर पोट असणाऱ्यांना. विचारलं तर काही दुकानदार परत घेतात, नाहीतर मोठा टँक असलेलं कुणीतरी शोधा. माझ्याकडे चार फुटी टँक आहे, एकाची जागा आहे, कुणाला द्यायचा असेल तर इथेच लिहा.